मिरवायला नेलेली अंगठी

घंटा देण्याआधी मामा ऑफिसातल्या कपाटाच्या काचेत स्वतःची मिशी बघायचे. ती मनासारखी वळलेली दिसली की मगच टोल पडायचा. त्यामुळे आमच्या शाळेत प्रत्येक तास मिनिटभर जास्तच चालायचा. कुणी बोललं तर म्हणायचे, "सर, माणूस कसा, दिसला पायजे."

मामा म्हणजे अणदूरजवळच्या आमच्या शाळेचे शिपाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरी दोनच शर्ट, पण लग्नाच्या मांडवात उभे राहिले की पाहुणे आधी त्यांनाच नमस्कार करणार. हा सगळा थाट आम्हा शिक्षकांच्या जिवावर चालायचा. घड्याळ भूगोलाच्या सरांचं, गॉगल हेडमास्तरांचा, बूट माझे. पण वस्तू परत यायची ती नेली त्याहून लख्ख होऊन. माझ्या बुटांना वर्षातून जे काही पॉलिश लागायचं, ते मामांच्याच हातचं. "वापरले न्हाईत सर, नुसते मिरवून आणले," असं वर सांगायचे.

माझ्याकडं वडिलांची अंगठी होती, जाड सोन्याची, पोवळ्याची. त्यांच्या माघारी आईनं ती माझ्या बोटात घातली. माझं बोट बारीक, म्हणून तिनंच खालून लाल दोरा गुंडाळला. दर दसऱ्याला आई ती देवापुढं ठेवायची आणि त्या दिवशी जेवताना वडिलांबद्दल बोलायची. एरवी कधी बोलायची नाही.

मामांच्या मुलीची सोयरीक सास्तूरला जुळली. श्रावणात सुपारी फुटायची होती. आदल्या दिवशी मामा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "सर, उद्या पोरीचा बाप हाय म्या. हात मोकळा दिसंल." मी अंगठी काढून दिली. त्यांच्या जाड बोटाला दोरा नको होता. त्यांनी तो हळूच सोडला आणि कागदाच्या पुडीत घालून खिशात ठेवला. "देताना हाय तसा गुंडाळून देतो," म्हणाले.

कार्यक्रमाला मीही होतो. सुपारी फुटली, पेढे वाटले. तेवढ्या वेळात मामांनी सतरा वेळा मिशीवरून हात फिरवला, तोही अंगठीचाच. शेवटी मुलाचे चुलते म्हणाले, "पाव्हणं, अंगठी लई झ्याक हाय."

झालं. मामा फुलले. "आवडली? मग जावयाचीच समजा," म्हणत त्यांनी ती काढली आणि सगळ्यांदेखत मुलाच्या बोटात घातली. बायकांनी कौतुक केलं. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

मग मामांनी माझ्याकडं पाहिलं. अंगठी कुणाची, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं, कारण त्यांचा चेहराच उतरला. मी एक शब्द बोललो असतो तर अंगठी मिळाली असती आणि सोयरीक मोडली असती. पोर दाराआड उभी होती. तिला मी दहावीपर्यंत शिकवलं होतं. मी पेढा तोंडात टाकला.

"लगीन हू द्या सर. म्या आणून देतो," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले. नजर जमिनीकडं होती.

दसऱ्याला आईनं अंगठी मागितली. सैल होते म्हणून सोनाराकडं दिलीय, असं मी सांगितलं. त्या दिवशी जेवताना वडिलांचा विषय निघाला नाही. तेव्हा मात्र मला मामांचा खरंच राग आला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

मार्गशीर्षात लग्न झालं. पंधरा दिवसांनी मामा रजा टाकून सास्तूरला निघाले. स्टँडवर मला दिसले, तर मिशीला पीळ नव्हता आणि पायात स्वतःची झिजलेली चप्पल होती. आयुष्यात पहिल्यांदा ते पाव्हण्यांकडं स्वतःच्या कपड्यांत चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगठी माझ्या टेबलावर ठेवली. खालून तोच लाल दोरा, वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेला.

"जावयाला काय सांगितलं?" मी विचारलं.

"खरं ते," म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. कपाटाच्या काचेकडं त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतर मामांनी कुणाकडंच काही मागितलं नाही. तास वेळेवर सुटू लागले आणि खरं सांगायचं तर मला ते आवडेना. निवृत्तीच्या दिवशी मीच अंगठी पुढं केली. "मामा, आज फोटो आहे. घाला." त्यांनी हात मागं घेतला. "नगं सर. लई मिरवलं," म्हणाले आणि हसले.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याला जावई भेटला. त्या दिवशी सास्तूरला काय झालं, ते मी त्याला विचारलं.

"दारातच उभं राहिलं, आत येईनात. म्हणलं, मोठं दिसावं म्हणून दुसऱ्याची दिली, माझं चुकलं. मला ठावंच व्हतं सर. सुपारीच्या दिशी तुमच्या हातातला पेढा बघितला व्हता म्या."

"मग तू होऊन का दिली नाहीस?"

"म्या दिली असती तर त्यांची मान खाली गेली असती. ते येतील म्हणून वाट बघत व्हतो. आले तशी त्यांच्या हातात दिली आन् घरात सांगितलं, शेतात हरवली. चुलत्याच्या लई शिव्या खाल्ल्या."

घरी येऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. सोनाराचं खोटंही सांगितलं. ती बराच वेळ अंगठी हातात धरून बसली.

आता माझंही बोट जाड झालंय. दोरा सोडला तर अंगठी सहज बसेल. दोऱ्यासकट ती पेरापाशी अडते, म्हणून मी घालतच नाही. आई एकदाच म्हणाली, "काढ की तो दोरा." मी नाही काढला. पुन्हा तिनं विषय काढला नाही. गेल्या दसऱ्याला तिनं अंगठी तशीच देवापुढं ठेवली. जेवताना ती वडिलांबद्दल बोलली, आणि मी मामांबद्दल.