लांब पायांची चिप

शेजाऱ्यांच्या फोनवर दादाच्या बँकेतलं कुणीतरी म्हणालं, "दीदी, भाईसाहब नहीं रहे," आणि मला आधी आठवली ती गंगा. रडू नंतर आलं. आषाढ लागला होता, पाणी चढणार, अर्धांगवायूने पडलेली आई तळमजल्यावर, आणि पाणी गल्लीत शिरण्याआधी घंटा वाजवणारं यंत्र दादाने बनवलेलं... ते बिघडलं तर? दादाला मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर पोचवून मंडळी परतली, तेव्हाही माझ्या डोक्यात हेच होतं. माझी मलाच लाज वाटली, पण भीती काही गेली नाही.

यंत्रासाठी चिप निवडण्यात दादा भारी चिकित्सक. एकदा दिल्लीच्या मित्राने कौतुकाने नवी आणली, चपटी, नखाएवढी. दादाने ती भिंगातून पाहिली आणि डब्यात टाकली. "हिचे पाय मुंगीचे. सोल्डरचा डाग देताना दोन चिकटले की खेळ खतम. मला लंबे पायवाली हवी, सॉकेटमध्ये बसणारी. जुनी काढली, नवी दाबली. मंदासुद्धा करेल."

"मी नाही हात लावणार," मी म्हटलं. मला साध्या बटणाचीही धास्ती.

"मी काय जन्मभर पुरणार आहे तुला?" तो हसला.

एक चिप मात्र त्याच्याच हातून गेली. ऐन थंडीत पूजेवरून तसाच उठला, रेशमी सोवळ्यात, आणि तिला हात लावला. रेशमामुळे अंगात साठलेल्या विजेनं ती जागीच मेली. तेव्हापासून आमच्या ब्रह्माघाटच्या घरात चिपचं सोवळं उलटं: आधी सुती नेसायचं, मग अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून लोखंडी नळाला हात लावायचा, मग चिप.

गेल्या आठवड्यात लाइट जाऊन आली आणि यंत्राचा हिरवा दिवा लागेना. पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आलेलं. मी पूजेतून तशीच धावले, हात पुढे केला आणि थिजले... अंगावर रेशीम. घाईघाईत सुती साडी नेसले. नळ धरला. दादाने प्रोग्राम भरून ठेवलेली जादाची चिप जुनीच्या जागी दाबली. दिवा लागला.

"विनू आलाय का गं?" आईने आतून विचारलं. तिला दादाचं आम्ही अजून सांगितलेलं नाही.

"काम चाललंय त्याचं," मी म्हटलं.

डब्यात आता ती चपटीच उरली आहे, प्रोग्राम न भरलेली. पाणी अजून चढतंय. जाता-येता मी दिवा बघते, आणि हात आपोआप नळाकडे जातो.