दिल्लीच्या साहेबांची जुनी नोकरी

सुरतेत भेस्तानच्या आमच्या गल्लीत दुपारची जेवणं उरकली की चार-पाच बायका माझ्या ओट्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन बसायच्या. पर्वत पाटिया भागातल्या गोदामातून साड्या यायच्या आणि आम्ही त्यांच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कापून द्यायचो. हातात कात्री असली तरी तोंडं मोकळीच. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं, त्यात निवडणूक लागलेली. त्या दिवशी विषय निघाला की मोठे मोठे पुढारी आधी काय करत होते. परभणीकडची बाई म्हणाली, त्यांच्याकडचा एक घरोघर दूध घालायचा, आता दिल्लीत बंगला आहे. वऱ्हाडातली म्हणाली, आमच्याकडचा शाळेत कवायत घ्यायचा, म्हणून तर भाषणात अजून तसाच ओरडतो. मग परभणीवालीने माझ्याकडे पाहिलं.

"अन् तुमच्या खान्देशातला तो दिल्लीचा साहेब? तो काय करायचा?"

"कंपाउंडर होते म्हणतात," मी म्हणाले. "लहानपणी मला मुदतीचा ताप आला होता. तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सायकलवरून औषध घेऊन यायचा. आडनाव हेच. तेच असतील."

असतील, असंच मी म्हणाले होते. संध्याकाळी नळावर पाणी भरायला गेले तेव्हा पलीकडच्या गल्लीतली बाई म्हणाली, "साहेबांनी तुझा जीव वाचवला म्हणे!" मी हसून घागर उचलली. तेव्हा हसायला नको होतं, असं पुढचे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दोन दिवसांनी साहेबांच्या पक्षाचा एक कार्यकर्ता दारात आला. मूळचा आमच्याकडचाच, पण जन्म सुरतेत गेलेला, त्यामुळे एका वाक्यात तीन भाषा. साहेब येत्या रविवारी सचिन गावाच्या रस्त्यावरच्या मैदानात सभा घेणार होते, खास आमच्या खान्देशी लोकांसाठी. "ताई, तुम्ही स्टेजवर यायचं. दोन मिनिटं बोलायचं, बस. साहेबांनी कसं वाचवलं ते. टेन्शन नहीं लेवानुं."

मी नाही म्हणणार होते. पण नवरा आतून बाहेर आला आणि माझ्याआधी हो म्हणाला. त्याच्यासाठी ते साधं नव्हतं. तो ज्या कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा, त्याचे शेठ त्याच पक्षाचे. सभेच्या खुर्च्या आणि मंडप शेठच देणार होते. आम्ही राहायचो ती खोलीही शेठचीच. कार्यकर्त्याने जाता जाता सांगितलं, "शेठना माहीत आहे. खूश आहेत." हे ऐकून नवऱ्याची छाती फुगली.

तो गेल्यावर मी आठवायला बसले. पत्र्याच्या डबीत सुई उकळायची, तो स्पिरिटचा वास आठवत होता. लाल मिश्रणाची बाटली आठवत होती. तिच्यावर डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवलेली असायची. तो माणूस माझ्यासाठी ती पट्टी कात्रीने देवळाच्या कळसांसारखी कापून आणायचा आणि म्हणायचा, "आज एक कळस प्यायचा." हे सगळं लख्ख आठवत होतं. चेहरा मात्र अर्धाच. कपाळ, तेल लावलेले केस, आणि बोलण्याआधी खाकरायची सवय. नाक्यावरच्या पोस्टरवरचा चेहरा गुबगुबीत होता, चष्मा होता. मी रोज दूध आणायला जाताना त्याच्यासमोर उभी राहायची. कधी वाटायचं तेच कपाळ, कधी वाटायचं छे.

शुक्रवारी पक्षाचा दुसरा माणूस आला. हा जरा वरचा, पांढऱ्या कपड्यातला. खुर्चीवर बसला, पाणी घेतलं नाही.

"तुम्ही कंपाउंडर म्हणणार आहात का?"

"हो, म्हणजे... होते ना?"

"तो शब्द नको. पत्रकात आपण वैद्यकीय सेवा लिहिलंय. तुम्ही डॉक्टरसाहेब म्हणा. लोकांना तसंच माहीत आहे."

"पण ते डॉक्टर नव्हते ना," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे पाहिलं. "समजावून सांगा जरा. शेठ पुढच्याच रांगेत असणार."

त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही. शनिवारी नवरा पाळी संपवून आला, चहा घेऊन झोपला, तशी मी पदर खोचून नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. गावात एकाच दुकानात फोन होता. दुकानदाराला सांगितलं, माझ्या थोरल्या भावाला बोलावून ठेव, मी परत लावते. काचेच्या डबीत उभी राहून मी बाहेरचे टेम्पो बघत होते. शेवटी भाऊ आला. मी विचारलं, दादा, मला औषध द्यायला यायचे ते हेच का, जे आता दिल्लीत आहेत?

भावाने आधी दुकानदाराला बाजूला व्हायला सांगितलं. मग म्हणाला, "अगं, तठे दोन भाऊ व्हतात. एकामागून एक, त्याच दवाखान्यात. आपल्याकडे कोणता यायचा, देव जाणे. मी तेव्हा मामाकडे होतो."

"आईने कधी काही सांगितलं होतं?"

"आई असती तर सांगितलं असतं."

घरी आले तर नवरा उठून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"आता हे बोलू नको कोणाजवळ," तो म्हणाला. "उद्याची सभा. मंडप उभा राहिला."

"पण ते नसले तर?"

"तर साहेब काय सांगणार का लोकांपुढे, की मी नाही म्हणून? पुढारी माणूस आहे. हसतील, हात जोडतील. संपलं."

"आणि डॉक्टर म्हणू?"

त्याने दार लोटून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "खोली गेली तर या शहरात आपण कुठे जायचं, ते सांग मला."

रविवारी मैदान भरून गेलं. नवापूर, साक्री, शिरपूर, सगळीकडची माणसं, कोणी पाळी सोडून आलेली, कोणी पाळी संपवून. बायकांच्या बाजूला परभणीवाली आणि वऱ्हाडवाली माझ्यासाठी हात हलवत होत्या. मला स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. नवरा खाली, शेठच्या मागच्या रांगेत. पांढऱ्या कपड्यातला माणूस दोनदा येऊन कानात सांगून गेला, "डॉक्टरसाहेब. विसरू नका."

साहेब आले, हार घातले गेले. जवळून पाहिलं तर पोस्टरपेक्षा थकलेले वाटले. मी त्यांच्या कपाळाकडेच बघत होते. मग माझं नाव पुकारलं. समोर एवढी डोकी बघून मी नुसती माइकची दांडी धरून उभी राहिले. तेवढ्यात साहेबच बसल्या जागेवरून म्हणाले, "बोल ना माय, घाबरू नको."

तो आवाज ऐकला आणि मला कळलं की हा तो आवाज नाही. का ते सांगता येणार नाही. बोलण्याआधी ते खाकरले नव्हते, एवढं एकच कारण असेल. पण आता माइक माझ्यासमोर होता.

मी जे आठवत होतं तेच सांगितलं. ताप, सायकल, सुईची डबी. कळसांची पट्टी सांगितली तेव्हा मैदान शांत झालं होतं. "तो कंपाउंडर होता," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि पांढऱ्या कपड्यातल्या माणसांत कुजबुज झालेली मला दिसली. "तो नसता तर मी आज नसते. त्याचं आडनाव साहेबांचंच होतं. मी तेव्हा लहान होते. ते साहेबच होते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

हात जोडून मी मागे वळले. टाळ्या वाजल्या नाहीत. शेठ मागे वळून कोणाला तरी काही विचारत होते. नवऱ्याने मान खाली घातली होती.

साहेब उठले, माझ्याजवळ आले, माइक हातात घेतला. म्हणाले, "कोन्ता गावनी शे तू?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग मैदानाकडे बघून म्हणाले, "तो मी नही. तो मन्हा मोठा भाऊ व्हता." एवढं बोलून ते मराठीवर आले. मोठ्या भावाची नोकरी भाऊ गेल्यावर डॉक्टरांनी दया म्हणून यांना दिली होती. कंपाउंडर कुठले, बाटल्या धुवायचे. एक दिवस इंजेक्शनची अख्खी पेटी हातातून पडली आणि डॉक्टरांनी घरी पाठवलं. "त्यानंतर काही काम मिळेना, म्हणून मोर्चात जाऊ लागलो," ते म्हणाले. लोक आधी चूप, मग हसले, मग टाळ्यांचा कडकडाट. पण साहेब हसत नव्हते. खुर्चीवर परत बसल्यावर ते काढलेला चष्मा नुसता पुसत राहिले.

सभा संपल्यावर पोलिसांनी वाट केली. मी नवऱ्याला शोधत होते, तर कार्यकर्ता धावत आला, "ताई, साहेब बोलावतायत." वाटलं, आता आपण गेलो. मंडपामागे ते एका पेटीवर बसले होते. आजूबाजूच्यांना त्यांनी लांब पाठवलं.

"बस," म्हणाले. "तो बोलायचा का तुझ्याशी?"

"हो. खूप बोलायचा."

"काय बोलायचा?"

मला जे आठवत होतं ते मी सांगितलं. कळस, आणि एकदा त्याने माझ्या बाहुलीलाही औषध पाजलं होतं, ते. साहेब ऐकत राहिले. "घरी तो आमच्याशी एक अक्षर बोलायचा नाही," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, गर्विष्ठ आहे." गाडीचा हॉर्न वाजला. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मला काहीतरी अजून सांगायचं होतं, पण आठवेना.

दुसऱ्या दिवशीच्या गुजराती वर्तमानपत्रात बातमी होती. कार्यकर्त्याने वाचून दाखवली: साहेबांनी तरुणपणी केलेल्या वैद्यकीय सेवेने जीव वाचलेल्या महिलेने आठवणी सांगितल्या. सभेला एवढी माणसं होती, सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि तरी छापलं हेच. तो म्हणाला, "सारुं थयुं ने, बेन! चांगलं झालं ना!" मी मान हलवली.

त्याच सकाळी पाळी सुरू होताच शेठने नवऱ्याला ऑफिसात बोलावल्याचा निरोप शेजारच्या कारागिराने आणला. दिवसभर मी काहीच करू शकले नाही. साडी हातात घेतली की कात्री धाग्याऐवजी कापडात जायची. बायका आल्या, त्यांना परत पाठवलं. ट्रंक उघडून बसले, कोणती भांडी न्यायची, कोणती गल्लीत कोणाकडे ठेवायची, हे मनात ठरवत. गावाकडे जायचं तर कोणाच्या घरात उतरायचं, इथपर्यंत विचार गेला. मोठ्या मुलीला ती शाळेतून घरी आल्यावर मी उगाच दोनदा जवळ घेतलं.

संध्याकाळी नवरा आला. चपला काढल्या, हातपाय धुतले. शेवटी मीच विचारलं.

"शेठ काय म्हणाले?"

"लूमवरचा सुताचा बीम बदलायला उशीर का झाला म्हणाले. काल लूम बंद राहिले ना."

"आणि सभेचं?"

"सभेचं काही नाही. भाषणाच्या वेळी ते मंडपवाल्याशी भांडत होते, खुर्च्या कमी आल्या म्हणून. त्यांनी काही ऐकलंच नाही म्हणे." आणि मग तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू आलं नाही. मी उठून उघडी ट्रंक बंद केली.

साहेब खान्देशातून निवडून आले. पुढे टीव्हीवर कधी कधी दिसायचे. सुरतेत पुन्हा आलेले मला माहीत नाही. त्यांच्या भावाचा फोटो कुठे मिळेल का म्हणून मी गावी गेले तेव्हा विचारपूस केली होती. दवाखाना बंद पडला होता, डॉक्टरांची मुलं कधीच निघून गेलेली. आता डोळे मिटले की ती बाटली दिसते, सायकल दिसते, पण सायकलवर चष्म्यातले साहेब बसलेले असतात. त्या दुसऱ्याचं कपाळसुद्धा मला आता आठवत नाही.