गटातला शेवटचा सामना

कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, त्या वर्षी आमच्या खोडाळ्याच्या स्पर्धेतही देश उतरले. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतले आठ संघ, भात कापल्यावर मोकळं झालेलं खाचर, बांबूचे गोलखांब, आणि चिठ्ठी काढून प्रत्येक संघाच्या वाट्याला आलेलं एका देशाचं नाव. खोडाळ्याच्या बाजारपेठेतली मुलं ब्राझील झाली, मोखाड्याची मुलं फ्रान्स. साखरशेतच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या संघाला जपान मिळालं. पोलंड ही नदीपलीकडची एक लहानशी वाडी होती. हे चार संघ एका गटात, आणि गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत जाणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सामन्यांचं वेळापत्रक लावणं आणि पंच म्हणून शिट्टी घेऊन मैदानात उतरणं, ही दोन्ही कामं पुष्कळ वर्षांपासून माझ्याकडेच आहेत.

जपानची एक अडचण होती आणि ती दरवर्षीची होती. भात झोडून झालं की तो पाडा जवळजवळ रिकामा होतो. कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जातात आणि शिमग्याच्या सुमारास परततात. त्यामुळे हा संघ गटातले सामने खेळे, आणि बाद फेरी येईतो गोलरक्षक एका भट्टीवर, आघाडीवीर दुसऱ्या भट्टीवर, अशी त्यांची पांगापांग झालेली असे. उपांत्य सामना त्यांनी आजवर कधी खेळलाच नव्हता. त्या वर्षी त्यांच्या कप्तानाने, जो एके काळी माझ्या वर्गात बसायचा, भट्टीवर मजूर नेणाऱ्या मुकादमाशी बोलणं केलं. ते बोलणं माझ्यासमोरच झालं.

"गटातून वर गेलात तर पुढल्या रविवारपर्यंत थांबतो," मुकादम म्हणाला. "पण बाहेर पडलात तर मैदानावरूनच निघायचं. सामान भरून आणा. पाड्यावर टेम्पो परत चढवणार नाय मी."

"भरून आणतो. उतरवायला तुमीच या हात लावायला," कप्तान म्हणाला.

बाजारातल्या चहाच्या टपरीवर त्या दिवसांत रात्री गर्दी असे. गटाच्या शेवटच्या सामन्यांपैकी एक टीव्हीवर आणि त्याच वेळी चाललेला दुसरा कोणाच्या तरी मोबाइलवर, असा सगळ्यांचा जीव दोन्हीकडे वाटला गेलेला असायचा. तिथेच कप्तानाने मला विचारलं.

"गुरुजी, टीव्हीत शेवटच्या दोनी मॅची एकाच टायमाला लावत्यात."

"हो. दुसरीकडचा निकाल आधी कळला, तर त्या हिशोबाने कोणी खेळू नये म्हणून."

"मंग आपल्यात?"

"आपल्याकडे मैदान एकच आहे."

"आश्रमशाळेचं हाय की. बाजूलाच."

मी 'पाहू' म्हणालो. नाही म्हणायचं धैर्य नसलं की मी 'पाहू' म्हणतो, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी आदल्या वर्षी माझ्या एका निर्णयावर चारचौघांत टीका केली होती. तेव्हापासून आमच्यात नमस्कारापलीकडे काही उरलं नव्हतं. मैदान मागायला त्यांच्या दारात उभं राहणं मला नको होतं. मी गेलो नाही. जपानचा सामना सकाळी आणि ब्राझील-फ्रान्सचा चार वाजता, असं वेळापत्रक मी कायम केलं. बाजाराची गर्दी दुपारनंतर जमते, असं कारण मी समितीला दिलं. तेही खरं होतं, आणि त्यामुळेच ते पुढे करणं मला सोपं गेलं.

त्या रविवारी सकाळी पोलंडचा संघ एक खेळाडू कमी घेऊन आला. त्यांचा एक जण भट्टीवर गेलासुद्धा होता. नियमाप्रमाणे सात विरुद्ध सहा असा सामना झाला असता. जपानच्या कप्तानाने आपल्यातला एक मुलगा बांधावर नेऊन बसवला. "सहा तर सहा," एवढंच म्हणाला. आमच्याकडे सुगीनंतरच्या खेळात अशी रीत आहे. पण स्पर्धेत ती पाळणारे थोडे. सामना जपानने एका गोलने जिंकला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो एकच गोल पुढे किती अपुरा पडणार आहे, याचा विचार त्या थापेच्या वेळी माझ्या मनात आला नव्हता.

तो आला जेवताना. जपानचे ब्राझील आणि फ्रान्स या दोघांशीही सामने बरोबरीत सुटले होते. त्या दोघांनी पोलंडला तीन-चार गोलांनी हरवलं होतं. आता त्यांच्यातला शेवटचा सामना कोणीही जिंकला, तर हरणारा गटाबाहेर आणि जपान आत. पण तो बरोबरीत सुटला, तर तिघांचे गुण सारखे, आणि गोलफरकात जपान खाली. म्हणजे चार वाजता मैदानात उतरणाऱ्या दोन्ही संघांना एकमेकांना हरवायची काहीच गरज उरली नव्हती. हे मला कळलं होतं. त्यांनाही कळलेलं असणार.

चार वाजता टेम्पो मैदानाच्या कडेला रस्त्यावर उभा होता. पातेली, गोधड्यांची गाठोडी, नागलीच्या पिठाची गोणी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. बायका आणि लहान मुलं वर चढून बसली होती, कारण तिथून मैदान चांगलं दिसत होतं. कप्तानाची आई फाळक्याला धरून उभी होती. तिचा मुलगा गोलखांबाजवळ उकिडवा बसला होता आणि एक धसकट उपटून त्याचे बारीक बारीक तुकडे करत होता.

पूर्वार्ध खरा झाला. हे मी आवर्जून लिहितो, कारण नंतर सगळ्याच मुलांबद्दल वाईट बोललं गेलं. फ्रान्सच्या एका उंच मुलाने लांबून मारलेला फटका बांबूला लागून आत गेला आणि टेम्पोतून असा कल्ला उठला की टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा फडफडल्या.

"उतरव गं ती पातेली!" कप्तानाची आई सुनेला म्हणाली. "आज रात्री घरीच रांधायचंय."

"थांब आये. अजून खेळ हाय," सून म्हणाली, पण तिने एक गाठोडं खाली दिलंच.

मध्यंतराला थोडाच अवकाश असताना ब्राझीलने बरोबरी केली. मी गोलची शिट्टी दिली आणि टेम्पोकडे बघायचं टाळलं. नंतर पाहिलं, तर गाठोडं पुन्हा वर गेलं होतं.

मध्यंतरात दोन्ही कप्तान पाण्याच्या पिंपापाशी एकत्र उभे होते. जव्हारच्या कॉलेजात ते एकाच वर्गात होते. एकाने काहीतरी म्हटलं, दुसरा हसला आणि त्याने हात पुढे केला. एवढंच. मी तिकडे बघत असतानाच आश्रमशाळेचे मुख्याध्यापक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आता हे खेळणार नाहीत," ते म्हणाले.

"दिसतंय."

"माझं मैदान सकाळपासून रिकामंच आहे. तुम्ही सकाळचा सामनाही याच वेळेला तिथे का नाही लावलात?"

त्यांच्या स्वरात कुचकेपणा नव्हता. मी घड्याळात बघितलं आणि मैदानात गेलो.

उत्तरार्धात चेंडू ब्राझीलच्या बचावफळीत फिरू लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून गोलरक्षकाकडे. कंटाळा आला की ते तो फ्रान्सला देत, मग फ्रान्सची मुलं तोच खेळ आपल्या बाजूला खेळत. ध्वनिक्षेपकावर समालोचन करणारा मुलगा सुरुवातीला जोशात होता. "ब्राझीलचा चेंडू... मागे... पुन्हा मागे... अजून मागे..." म्हणता म्हणता तो गप्प झाला आणि त्याने गाणं लावलं.

"ए मोखाड्या!" टेम्पोतून कप्तानाची आई ओरडली. "बॉल काय उबवायला घेतलाय? पिल्लं काढतोस का?"

लोक हसले. मोखाड्याचा तो मुलगाही हसला. मी खेळ थांबवून दोन्ही कप्तानांना बोलावलं.

"नीट खेळा. लोक बघतायत."

"सर, मागे पास देणं फाउल आहे का?" खोडाळ्याचा कप्तान म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरोखर विचारावं तसं त्याने विचारलं.

"नाही."

"मग आम्ही काय चुकतोय?"

जे चुकलं होतं ते त्यांच्या पायांनी झालेलं नव्हतं. ते मी टपरीवर 'पाहू' म्हणालो तेव्हाच झालं होतं. त्या दोघांना बोल लावायचा माझा अधिकार तिथेच संपला होता. तरी मी आवाज चढवला. माझा आवाज सहसा चढत नाही, त्यामुळे तो मलाच परका वाटला.

वेळ सरत होता. सावल्या खाचराच्या अर्ध्यापर्यंत आल्या. जपानची मुलं एकेक करून बांधावरून उठली आणि टेम्पोच्या दिशेने सरकली. कप्तान मात्र गोलखांबाजवळच होता. तो चेंडूकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. निदान मला तसं वाटलं.

अगदी शेवटी फ्रान्सच्या एकाने ब्राझीलच्या गोलच्या दिशेने चेंडू उगाच ढकलला. तो धसकटावर आपटून वेडावाकडा उडाला आणि ब्राझीलच्या बचावपटूच्या हाताला लागला. हात त्याच्या छातीशी चिकटलेला होता. चेंडू चुकवायला त्याला वावच नव्हता. मी जवळ होतो, मला स्वच्छ दिसलं. कोणीही दाद मागितली नाही. मी शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट केलं.

आजही मी स्वतःला विचारतो की ती शिट्टी घाईत वाजली का. नाही. ती मी ठरवून वाजवली. फुंकण्याआधी मी एक श्वास घेतला होता, तो मला आठवतो.

"सर!" मोखाड्याचा कप्तान धावत आला. "आम्ही मागितलीच नाही!"

"मागायची नसते. पंच देतो."

"पण हात जवळ होता त्याचा. आम्हीच सांगतोय ना!"

"चेंडू ठेव."

कोणीतरी गाणं बंद केलं. टेम्पोतली माणसं उभी राहिली. मुकादम फटफटीवरून उतरला. मोखाड्याचा कप्तान फक्कीच्या खुणेवर चेंडू ठेवून उभा होता, आणि मागून त्याचाच एक साथीदार हळू आवाजात म्हणाला, "मार ना रे. जिंकू, गटात पहिले येऊ." त्याने मागे वळून पाहिलं. मग समोर पाहिलं. खोडाळ्याचा गोलरक्षक खांबाला टेकून उभा होता आणि आता हसत नव्हता. चेंडू ठेवणारा मुलगा खरंच विचारात पडला होता. मार, असं मी मनात म्हणत होतो; पंच असून म्हणत होतो.

तो चार पावलं मागे गेला, धावत आला आणि चेंडू बांबूच्या कितीतरी बाहेरून, बांधापलीकडे पाठवून दिला.

बाजाराच्या बाजूने टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या. दोन्ही कप्तानांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. त्यांनी पिंपापाशी दिलेला शब्द पाळला होता. त्या वेळी मैदानावर शब्द न पाळलेला माणूस एकच होता, आणि शिट्टी त्याच्या गळ्यात होती.

वेळ संपल्यावरही मी सामना थोडा चालू ठेवला. काहीतरी घडेल, अशी वेडी आशा. शेवटी मुकादमच कडेवरून ओरडला, "गुरुजी, घड्याळ बंद पडलं का?" मी शिट्टी दिली.

जपानच्या मुलांनी आरडाओरडा केला नाही. ज्यांच्याकडे बूट होते त्यांनी ते काढून गाठोड्यात कोंबले. मी टेम्पोपाशी गेलो तेव्हा कप्तान चाकावर पाय ठेवून वर चढायच्या बेतात होता. मला पाहून तो खाली उतरला.

"हात नव्हता ना तो, गुरुजी?"

"नव्हता."

"मंग कशाला दिली?"

मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"आमच्यासाठी?"

मी मान हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो एखादी गोष्ट समजून घ्यायला बघावं तसा बघत होता, वर्गात फळ्याकडे बघायचा तसा.

"आमच्यासाठी दिली," तो म्हणाला, "अन् मारायला त्यांनाच दिली."

वरून त्याच्या आईने हाक मारली, "चल रं, काळोख पडंल." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, बसता का तुमी पण? भट्टीवर माणसं कमीच हायत." टेम्पोतल्या बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. माझं चुकलं, हे दोन शब्द मी तोंडात तयार ठेवले होते. पण एवढ्या माणसांसमोर ते बोलणं म्हणजे माझं मन त्यांनी हलकं करावं असं म्हणण्यासारखं होतं, आणि त्यांना आधीच पुष्कळ ओझं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला असं समजावलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

टेम्पो सुरू झाला. वळणावर जाईपर्यंत मागच्या मुलांचा वाद ऐकू येत होता. ती पेनल्टी आपल्याला असती तर कोणी मारली असती, यावर ते भांडत होते, आणि प्रत्येक जण आपलंच नाव घेत होता.

मागून समितीचा एक मुलगा आला. "सर, उपांत्य फेरीच्या चिठ्ठ्या काढायच्यात. चारही कप्तान थांबलेत."

मी गेलो. डब्यात हात घातला आणि पहिली चिठ्ठी काढली.