झेलायला बसणारी बाई

देवपुरातल्या मैदानावर मी संध्याकाळी चालायला जातो, तिथं ती रोज दिसते. नाव कधी विचारलं नाही. हातात मोठा ग्लोव्ह घालून, पदर खोचून ती उकिडवी बसते. समोरून तिची लेक हात रहाटासारखा गरगर फिरवून सॉफ्टबॉल खालून फेकते. पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाईलमध्ये एक कोच समजावत असते.

तो व्हिडिओ मीच शोधून दिला होता. "भाऊ, पुढना आठवडामा जिल्हानी निवड शे. मोबाईलमा बठ्ठं क्रिकेटनंच निंघस," ती म्हणाली होती. बऱ्याच शोधाशोधीनंतर लहान मुलींसाठीचा, हिंदीतला एक सापडला.

"आता कोच मिळाली, मग तुम्ही कशाला बसता?" मी एकदा विचारलं.

"मोबाईल फेकानं शिकाडस, भाऊ. झेलाले तं मानूसच लागस ना."

आम्ही जळगावात होतो तेव्हा माझी मुलगीही सॉफ्टबॉलमध्ये पिचर होती, अशीच चेंडू फेकायची. "बाबा, नुसते समोर बसा," म्हणायची. मी तिला चांगले बूट आणून दिले, कोचिंग लावलं; समोर मात्र कधी बसलो नाही. ती अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारायची. तो धप धप आवाज मी पेपर वाचत ऐकायचो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काल बाईचं बोट सुजलं होतं. तिनं ग्लोव्ह माझ्यापुढे धरला. गुडघे कुरकुरले, पण बसलो. पहिलाच चेंडू ग्लोव्हवर धप्पकन आदळून खाली पडला. भिंतीवरचा तोच आवाज.

"काका, डोळे मिटू नका ना," पोरगी म्हणाली.

"परत टाक," मी म्हणालो.