अमीनाबादेत मला कुणी पडू देईना

लखनौमध्ये मनासारखं पडणं फार अवघड आहे. हे मी अधिकाराने सांगते, कारण पडण्याच्या बाबतीत तिथल्या मराठी मंडळात माझी बरोबरी करणारं कुणी नव्हतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे तिथल्या एका संस्थेत डासांवर संशोधन करायचे आणि मी गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकांत पडायची. मोलकरणीचं काम असो की महाराणीचं, दुसऱ्या अंकात मी पडणारच! लोकांना वाटतं, पडायला काय अक्कल लागते? अहो, हनुवटी छातीशी, कंबर सैल, हात सगळ्यात शेवटी, आणि चेहऱ्यावर 'छे, मी कुठे पडतेय?' असा भाव. प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरायचे.

अशाच एका प्रयोगाला मुंबईचे एक सहायक दिग्दर्शक आले होते. (आले होते सिनेमासाठी जागा बघायला, मंडळात आले मोदक खायला.) नाटक संपल्यावर ते धावतच रंगपटात शिरले.

"वहिनी, थंडीत अमीनाबादेत शूटिंग आहे. हीरोच्या सायकलरिक्षाचा धक्का लागून एक बाई पडते. तुम्हीच हव्यात!"

हीरो म्हणजे साधासुधा नाही, सगळ्या देशाला हसवणारा! मी त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून साताऱ्याच्या जाऊबाईंना ओरडून सांगितलं, "मी सिनेमात येतेय!" बूथबाहेरच्या रांगेलाही ते कळलं. मग थंडी पडली, तसा घरातल्या सगळ्या रजया अंथरून सराव सुरू झाला. (यांचीसुद्धा. हे स्वेटरवर स्वेटर घालून झोपायचे.)

"अगं, कंबर मोडेल!" हे म्हणाले.

"कलाकाराची कंबर आहे ती!"

"मम्मी, आप सबके सामने गिरोगी?" आमच्या रेवाने कपाळाला हात लावला. "मेरी पूरी क्लास देखेगी यार!"

अख्ख्या भारताने बघावं, हीच तर माझी इच्छा होती.

शूटिंगच्या दिवशी मी हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि हातात कापडाचं गाठोडं, अशी बाजारात उभी राहिले. हे बघ्यांच्या गर्दीत उभे होते. रिक्षा आली, धक्का बसला, मी कंबर सैल सोडली आणि... पडलेच नाही! एका बुरखेवाल्या बाईंनी माझा दंड धरला होता, कुल्फीवाल्याने गाठोडं झेललं होतं आणि कुणीतरी बसायला स्टूलही आणलं होतं.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "किसी ने पकड़ा क्यों?"

सगळ्यांनी अदबीने माफी मागितली. दुसऱ्यांदा रिक्षा आली. मी पडले, आणि मला पुन्हा झेललं! या वेळी पाण्याचा ग्लासही आला. तिसऱ्यांदा तर मी तिरकी व्हायच्या आतच, "सँभल के बहनजी!" दिग्दर्शकाने भोंग्यातून आरडाओरडा केला, तेव्हा पांढऱ्या दाढीचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "जनाब, शूटिंग अपनी जगह। मगर बहनजी हमारे सामने गिरें, और हम खड़े देखते रहें?"

गर्दी म्हणाली, "वाह!" मीसुद्धा म्हणणार होते, पण तेवढ्यात दिग्दर्शकाचं बोलणं कानावर पडलं, "इनको हटाओ। किसी आदमी को साड़ी पहना दो।"

साताऱ्याला काय तोंड दाखवू? डोळ्यांत पाणी यायला लागलं. ते यांनी पाहिलं, आणि जन्मात चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस सरळ त्या स्टुलावर चढला! शेजारी रजया भरणाऱ्याच्या दुकानासमोर पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. त्याच्याकडे पाठ करून, हात जोडून हे गर्दीला म्हणाले, "भाइयों और बहनों, मेरी पत्नी का सपना है। आज यहाँ जो भी गिरे, उसको गिरने देना! कोई हाथ मत लगाना! वादा?"

"वादा!" अख्खं अमीनाबाद गरजलं.

"शुक्रिया," म्हणत यांनी अदबीने एक पाऊल मागे घेतलं.

स्टूल तेवढं रुंद नव्हतं.

काय पडले हो! हात जोडलेले, चेहरा कृतज्ञ, आणि पाय आभाळात! गर्दीने शब्द पाळला. एक माणूस जागचा हलला नाही, आजोबांनी तर स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले होते. मीच तेवढी "अहो!" करत धावले. तोवर हे कापसात गडप झाले होते. मग आतून एक पांढरं डोकं वर आलं आणि म्हणालं, "अगं, मी पडलो का?"

या सगळ्या गोंधळात कॅमेरा चालूच राहिला होता. हीरोने धावत येऊन यांना मिठी मारली. "क्या टाइमिंग है सर! कहाँ सीखा?"

"मच्छरों में," हे म्हणाले.

झालं, दिग्दर्शकाने तेच ठेवलं! सिनेमा लागला, तेव्हा अख्खं मंडळ बघायला गेलं. हे पडले आणि थिएटर हसून लोळलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा एक हात यांच्या दिशेने झेपावतो, तो माझा. बाकीची मी कापली गेले.

तरी मी ऐटीत साताऱ्याला फोन लावला.

"अगं, भावोजी काय सुंदर पडले!" जाऊबाई म्हणाल्या. "पण तू कुठे होतीस?"

"कोपऱ्यात बघा ना! हिरव्या बांगड्या!"

"अगंबाई, तो हात तुझा होय? आम्ही सगळे विचारतोय, भावोजींना ढकलणारी ती मेली कोण!"

तेव्हापासून माझ्या सिनेमातल्या कामाबद्दल कुणी विचारलं, की मी मान ताठ करून सांगते, "खलनायिका!"