चावीवाल्याची सुट्टी

रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत छातीएवढी उंच चावी बसवायची आणि फिरवायच्या आधी तिच्या दांड्याला कान लावून उभं राहायचं, ही त्यांची रीत होती. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत असत. गॅलरीतून बायका ओरडत असत, "काका, कधी सोडताय?" ते कान न काढता एक हात वर करायचे आणि म्हणायचे, "पानी चालत येतं, धावत नाय."

तुमच्याही भागात असा एक माणूस असेल, बघा. नळाला पाणी असलं की तो कुणाच्या लक्षातही नसतो, आणि पाणी गेलं की सगळ्यांना त्याचा नंबर पाठ असतो. आमच्या पाणी खात्यात त्यांचा हुद्दा व्हॉल्व्हमन असा होता. लोक त्यांना चावीवाले काका म्हणत. मी तिथे कारकून म्हणून लागले तेव्हा त्यांच्या नोकरीची पंचवीसेक वर्षं झाली होती. अंबरनाथ पूर्वेपासून पालेगावपर्यंत जमिनीखाली काय काय आहे, हे सांगू शकणारा तो एकच माणूस उरला होता.

ऑफिसात नकाशा होता. पण नकाशात जिथे व्हॉल्व्ह दाखवला होता, तिथे आता मोबाइलचं दुकान होतं, आणि निम्मी झाकणं डांबराखाली गेली होती. काका पावलं मोजत जायचे, एका जागी टाच आपटायचे आणि म्हणायचे, "इथं खना." खणलं की झाकण निघायचं. साहेबांना ही पद्धत अजिबात पसंत नव्हती, पण त्यांच्याकडे दुसरी नव्हती.

ते मूळचे सोनिवलीचे. अंगाने काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं. दोन्ही पेनं मी कधी उघडलेली पाहिली नाहीत. कुणाच्या घरी गेले की चहाआधी पाणी मागत, एक घोट तोंडात घोळवत आणि लाइन ओळखत. "जांभूलच्या लाइनीचा पानी. टाकी धुतली नाय तुमी." घरमालक ओशाळून टाकी धुवायचं कबूल करायचा. मला सुरुवातीला हा आगाऊपणा वाटे. पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे मीच लोकांच्या घरचं पाणी जिभेवर घोळवायला लागले.

काकूंचं आणि या नोकरीचं मात्र कधी पटलं नाही. त्यांची तक्रार मी इतक्या वेळा ऐकली होती की क्रमही पाठ होता. भावाच्या हळदीत फोन आला आणि हे हळदीच्या हातांनी सायकल काढून गेले. मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी सासऱ्यांच्या हातात देऊन गेले. एकवीरेला निघाले तर अर्ध्या पायऱ्या चढून परत फिरले, आणि काकू एकट्याच वर जाऊन ओटी भरून आल्या. "आईनं विचारला मला, तुजा नवरा कुठं हाय? मी बोलली, पाइपात हाय," हे त्या सगळ्यांना हसत सांगायच्या. हसणं खरं नव्हतं, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं तेव्हा साहेबांनी मला सगळ्या व्हॉल्व्हची यादी कॉम्प्युटरवर करायला सांगितली. तीन महिने मी काकांच्या मागे फिरले. ते बोलायचे, मी डायरीत लिहायचे आणि संध्याकाळी ऑफिसात बसून टाइप करायचे. फॉर्मला रकाने ठरलेले होते: नंबर, जागा, साइज, किती फेरे. एके ठिकाणी ते म्हणाले, "लिही, हा उलटा. सगले उजवीकडं फिरवला की बंद होतात, हा डावीकडं. गनपतीत लाइन फुटली तवा मिलंल तो आनून बसवला." मी डायरीत 'उलटा' लिहिलं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. कुठेतरी नोंद करू, असं म्हणून मी पुढे गेले, आणि ते 'कुठेतरी' राहूनच गेलं.

यादी पूर्ण झाल्यावर काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सहा दिवसांची रजा टाकली. ऑफिसातल्या पंधरा जणांची केरळची सहल ठरली होती. उल्हासनगरच्या एका ओळखीच्या सिंधी एजंटने ती जमवून दिली होती. "साईं, पूरा दिन हाउसबोट, सुबह से शाम, खाना अंदर," एवढ्या एका वाक्यावर काकूंनी नाव नोंदवलं. बदलीवर येणाऱ्या माणसाला काकांनी माझ्यासमोरच सांगितलं, "फिकीर नको. पोरीच्या लिस्टीत सगला हाय." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, ते आठवलं की अजून कसंसं होतं.

काकूंनी एकच अट घातली. बाकीचे दिवस काय वाटेल ते करा, पण बोटीचा दिवस माझा. फोन माझ्या पर्समध्ये राहणार आणि तुम्ही माझ्या शेजारी. काकांनी एकवीरा आईची शपथ घेतली. "निदान या बारीला आई तरी नाय ओरडायची तुमच्यावर," काकू म्हणाल्या.

रेल्वेत काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट काढली. समोरच्या बाकावरचं कुटुंब आधी दुसऱ्या डब्यात जागा शोधायला गेलं, आणि दुपारपर्यंत परत येऊन सुकट मागून खाऊ लागलं.

अलेप्पीला बोट सकाळी अकराला सुटली. वेताचं छप्पर, पुढे आठ-दहा खुर्च्या, मागे स्वयंपाकघर आणि इंजिन. काकू हिरवी साडी नेसून, गजरा माळून सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट. शेजारी काका, खाकीऐवजी फुलाफुलांच्या शर्टात. त्यांच्याकडे पाहून आमच्या ऑफिसची सगळी मंडळी मनसोक्त हसली. ते स्वतःही हसले.

सुट्टीवर येऊनही त्यांना पाणीच दिसत होतं, त्याला काय करणार? दोन्ही बाजूंना भातशेती होती आणि ती कालव्याच्या पाण्याहून खाली होती. "शेत खाली आनि पानी वर? बांध कोन राखतो?" त्यांनी सुकाणूवाल्याला विचारलं. त्याला मराठी कळेना. जलपर्णीचे हिरवे पुंजके आले की आम्ही फोटो काढायचो. काका म्हणाले, "आपल्या उल्हास नदीत हीच हाय, तिथं नाकाला रुमाल लावता." मग एका बांधावर नळ दिसला. साधा सार्वजनिक नळ, आणि खाली होडीत कळशी घेऊन बसलेली एक बाई. सगळीकडे पाणीच पाणी आणि ती नळाच्या धारेची वाट बघत होती. आम्ही कुणी तिच्याकडे पाहिलंही नसतं. काका उभे राहिले. सुकाणूवाल्याला आता हिंदीत विचारलं, "पीने का पानी किधर से आता?" "पाइप में आता साब. ये वाला नहीं पी सकता." काका काकूंकडे वळून म्हणाले, "म्हंजे इकडं पन कोनतरी चावी फिरवतो." काकूंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

बाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. साहेब होते. पालेगावच्या रस्त्याला मोठी लाइन फुटली होती, पाणी रस्त्यावरून दुकानांत शिरत होतं, आणि चिंचेखालचा व्हॉल्व्ह काही केल्या बंद होत नव्हता. काकांचा फोन कुणी उचलत नव्हतं. यादीत वेगळं काही लिहिलेलं नाही म्हणून नेहमीसारखा उजवीकडे फिरवतोय, हलतच नाही, आता दांड्याला लांब पाइप घालून चौघांनी जोर लावायचं ठरतंय. मधेच रेंज गेली.

मी मागे स्वयंपाकघरापाशी जाऊन उभी राहिले. त्या जोराने व्हॉल्व्हचा आतला स्क्रू तुटला असता तर जांभूळच्या शुद्धीकरण केंद्राकडून येणारी मुख्य लाइनच बंद करावी लागली असती, आणि आठवडाभर अर्ध्या गावाला पाणी मिळालं नसतं. उलटा व्हॉल्व्ह एक होता, एवढं मला आठवत होतं. तो चिंचेखालचा की पुढच्या शाळेजवळचा, हे काही केल्या आठवेना. डायरी घरी कपाटात. अंदाजाने सांगावं, तर चुकल्यावर चांगला व्हॉल्व्ह माझ्या शब्दावर तुटणार. आणि पुढे, माझ्यापासून दहा पावलांवर, ज्याला ठाऊक होतं तो माणूस बायकोला शेंगा सोलून देत होता. मला माझी लाज वाटली. भीतीही वाटली, पण लाज जास्त.

मी जाऊन काकांना हाक मारली असती तर काकूंचा दिवस तिथेच संपला असता. हळद, बारसं, एकवीरा आणि आता बोट. नाही मारली तर तिकडे लोक पाण्यावाचून राहणार. किती वेळ मी तिथे उभी होते, कोण जाणे.

काकाच मागे आले, हात धुवायला. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "काका, तो उलटा व्हॉल्व्ह कुठला हो? सहज आठवलं."

सहलीला आलेली बाई भर दुपारी बोटीवर असलं काही सहज विचारत नाही, हे त्यांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी हात धुतले, शर्टाला पुसले आणि इंजिनाच्या आवाजाखाली म्हणाले, "चिंचेखालचा. डावीकडं, एकोनीस फेरे. लांब दांडा लावू नका म्हनाव, हातानं फिरवायचा." काय झालं, कुठे झालं, किती वाजता, एक अक्षर विचारलं नाही. "तिला सांगू नको," म्हणाले आणि पुढे जाऊन खुर्चीत बसले.

बोट जेवणासाठी एका काठाला लागली तेव्हा कुठे रेंज आली. मी ओरडून ओरडून साहेबांना सांगितलं. पाइप लावलाच होता, वेळेवर काढला. दोनला व्हॉल्व्ह बंद झाल्याचा निरोप आला आणि मी तळलेला मासा कशाशी खातेय हे न कळता खाल्ला.

मग मी वाट बघत बसले. ते आता वळून बघतील, मग बघतील. नुसत्या भुवयांनी विचारलं असतं तरी मी मान डोलावली असती. पण ते वळले नाहीत. चारला चहाबरोबर केळ्याची भजी आली, ती त्यांनी काकूंना फुंकर मारून दिली. फोटो काढला. पाचला उतरताना काकूंचा हात धरला. रात्री हॉटेलात जेवताना ते माझ्या समोर बसले होते आणि आमच्यात बोलणं झालं ते लोणच्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काकू आंघोळीला गेल्यावर, ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "बंद झाला का?"

"झाला. दोनला."

"फेरे?"

"एकोणीस."

मी चूक कबूल केली. ते म्हणाले, "मशीनला रकाना नाय, त्याला तू काय करशील?" हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही. परत आल्यावर मी पहिल्या दिवशी यादीत एक नवा रकाना घातला.

ते ठरल्या तारखेला निवृत्त झाले, आणि वर्षभरात हृदयविकाराने गेले. आमच्या खात्यात शोकसभा झाली, साहेब बोलले, दोन मिनिटं उभं राहिलो. पेन्शनच्या कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून मी सोनिवलीला गेले. घराच्या तिन्ही बाजूंना आता इमारती उठल्या आहेत.

काकूंनी सह्या केल्या. मग कागद माझ्याकडे न देता हातातच धरून म्हणाल्या, "एक इचारू? खरा सांगशील? बोटीवर पर्स माझ्या मांडीवर होती. चौदा येला थरथरली. मी मोजत होती. नंतर ते मागं गेले, तू पन तिथंच होतीस. तवा मला समजला."

मी पेनाचं टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवलं.

"त्या दिवशी मी पानी बघितलाच नाय गो. सगला टाइम त्यांच्या तोंडाकडं बघत होती. हे हितं हायत का तिकडं, तेच बघत होती. हसत होते, पन मानसाचा काय समजतंय? तू सांग. माझ्यासंगं होते का ते?"

मी त्यांना सांगितलं. हात धुताना दोन वाक्यं बोलले, आणि त्यानंतर व्हॉल्व्ह बंद झाला की नाही, हे त्यांनी मला विचारलं नाही. जेवताना नाही, चहाला नाही, हॉटेलात नाही. मी दिवसभर त्यांच्या नजरेची वाट बघत होते, काकू, त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेही तुम्ही आंघोळीला गेल्यावर.

"एकदापन नाय?"

"एकदाही नाही."

काकूंनी कागद मांडीवर ठेवले. पदराने चेहरा पुसला, उठून दार लोटून घेतलं आणि परत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आता परत सांग," त्या म्हणाल्या. "बोट सुटली तिथून."