हशासाठी सोडलेली जागा

माझी मेहुणी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासते, वाकलेल्या दांड्या सरळ करते, पडलेला बारीक स्क्रू गुडघे टेकून शोधते. तिला सगळे टाचणी म्हणतात, आणि हे नाव काही कुणी लाडाने ठेवलेलं नाही. ती बोलली की टोचतं, आणि गंमत म्हणजे ज्याला टोचतं तोच आधी हसतो. दर शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसहाला फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा विनोदी कार्यक्रम होतो. त्याची प्रहसनं गेली नऊ वर्षं टाचणीच लिहिते. मी तिथे पियानो वाजवतो. एरवी मी मुलांना पियानो शिकवतो, तेव्हा सहनशक्तीच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. पण टाचणीपुढे तीही संपते.

तिचं एकच खूळ होतं. प्रहसनात गाणं हवं. मध्ये विरंगुळा म्हणून नव्हे, तर गोष्ट पुढे नेणारं गाणं, सुरात भांडणारी माणसं.

"नुसता विनोद दारापर्यंत टिकतो, भावजी," ती म्हणायची. "जिना उतरेपर्यंत माणूस विसरलेला असतो. गाणं दुसऱ्या दिवशी दाढी करताना तोंडात येतं. मग त्याला आठवतं, आपण काल कशाला हसलो ते, आणि मग राग येतो. मला तो राग पाहिजे."

मंडळाच्या मॅनेजरला तो राग नको होता, त्याला भरलेल्या खुर्च्या हव्या होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं: गाणं सुरू झालं की लोक लघवीला उठतात. हे अगदीच खोटं नव्हतं. पियानोवरून मला दार दिसतं. शेवटी त्याने तिला सांगून टाकलं की हे नवीन गाणं शनिवारी चाललं नाही, तर रविवारी ते कापायचं आणि यापुढे फक्त संवाद लिहायचे.

"गाणं गेलं तर मीही गेले," टाचणी म्हणाली. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. दुकान किती वाजता बंद होतं हे सांगावं तसं तिने सांगितलं. आणि ही बाई बोलते तसं करते.

गाणं होतं रस्त्यावरच्या बंद दिव्याचं. एक माणूस तक्रार घेऊन नगरपालिकेच्या खिडकीशी येतो: गल्लीतला दिवा लागत नाही. साहेब पाहणीला जातात, पण ऑफिसच्या वेळात, म्हणजे भर दुपारी. परत येऊन ते गातात:

भर दुपारी पाहणी केली, रीतसर तिची नोंद केली,
दिवा दुपारी बंदच असतो, तक्रार तुमची बंद केली.

प्रत्येक कडवं याच 'तक्रार तुमची बंद केली'वर संपायचं. मला हे आवडलं होतं, आणि मला सहसा काही आवडत नाही. साहेब होणार होता बस चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ, ज्याला आम्ही बसवाला म्हणतो. तक्रारदार होते शिंपीकाका, साठीचे, कायम कुणाच्या तरी खांद्याचं माप डोळ्यांनी घेत असणारे.

आता टाचणीची लिहिण्याची पद्धत सांगायला हवी, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. संवादात लोक हसले की नट थांबतो, हशा ओसरला की पुढे बोलतो. गाण्यात तसं थांबता येत नाही, आणि हशात पुढची ओळ बुडून जाते. म्हणून ती काचांच्या रिकाम्या पाकिटांवर गाणं लिहिताना प्रत्येक कडव्याखाली मोजून जागा सोडायची. तिथे लिहायची, "हशा, आठ मात्रा." तेवढा वेळ गाणाऱ्याने गप्प राहायचं आणि मी तेच दोन सूर जागच्या जागी वाजवत बसायचं.

शनिवारी पहिलं कडवं संपलं. बसवाला थांबला. मी आठ मात्रा वाजवायला लागलो, आणि कुणीही हसलं नाही.

तुम्ही कधी ऐंशी माणसांसमोर, न आलेल्या हशाला पियानोची साथ केली आहे? डुं डुं, डुं डुं. आठ मात्रा एवढ्या लांब असतात हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यानंतर एक जण खोकला. तिसऱ्यानंतर बसवाल्याला राहवलं नाही, तो डोळे मिचकावून लोकांना हसण्याची विनंती करू लागला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे नाचणारा, अंगण आणि वाजवणारा तिघेही सरळ होते आणि तरी सगळे तोंडावर आपटलो. तेवढ्यात दोन माणसं उठून बाहेर गेली.

पडदा पडल्यावर मॅनेजर म्हणाला, "उद्या हे गाणं नाही."

टाचणी पाकिटं गोळा करत होती. "उद्या चार वाजता तुम्हाला परत ऐकवते. मग ठरवा."

"काय ठरवायचं राहिलंय?"

"चार वाजता," ती म्हणाली. तो काय, मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती आमच्या दारात हजर. माझी बायको, म्हणजे तिची थोरली बहीण, तिच्या हातात चहा देत म्हणाली, "अगं, लोक तुझ्या संवादांवर पोट धरून हसतात. तेच लिही ना. कशाला दगडावर डोकं आपटतेस?"

"ताई, हसून ते घरी जाऊन झोपतात."

"मग काय त्यांनी जागरण करायचं?"

टाचणीने चहाचा घोट घेतला. डोळे लाल होते. ती रडली होती हे उघड होतं, आणि ते विचारायची आमची हिंमत नव्हती. तिने कप ठेवला आणि मला पियानोवर बसवलं.

अकरा वेळा. मी मोजलं. अकराव्यांदा मी झाकण बंद केलं आणि म्हणालो, "ही भिकार जागा काढून टाक. सलग गाऊ दे त्याला. मी यापुढे रिकामं डुं डुं वाजवणार नाही. माझीही काही अब्रू आहे."

"काढून बघू," ती म्हणाली.

जागा काढून तिने स्वतः सलग गायलं. पाढे म्हटल्यासारखं झालं. नोंद केली, बंद केली, चला घरी. विषय गेला, साहेब गेला, तो खिडकीशी उभा राहिलेला माणूसही गेला.

ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. मग वळून म्हणाली, "भावजी, मी लोकांना हसायची वेळ नेमून दिली. आठ मात्रा, एवढ्यात हसा, मग खिडकी बंद. मी त्या साहेबासारखीच वागले की."

"मग आता?"

"जागा ठेवायची. पण ती हसणाऱ्यांची नाही. ती शिंपीकाकांची. शेवटचे दोन शब्द आधी गायचेच नाहीत. तक्रार तुमची... आणि साहेब थांबला. शिंपीकाका उभे. उत्तराची वाट बघतायत. पियानो चालू. मग सावकाश, बंद केली."

"आठ मात्रा?"

"पहिल्यांदा चार. मग आठ, मग सोळा."

मी म्हणालो, सोळा मात्रा काही न होता उभं राहिलं तर लोक खुर्च्या फेकतील. ती म्हणाली, "ते त्या खिडकीशी याहून जास्त उभे राहिलेत, कधी खुर्ची फेकली?" मी झाकण उघडलं.

चार वाजता हॉलमध्ये तिने बसवाल्याला फक्त एकच सांगितलं: थांबायचं, तेव्हा कागद बघायचा, लोकांकडे नाही. शिंपीकाकांना सांगितलं, "काका, काही करू नका. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्या, बस." मॅनेजरने ऐकलं, घड्याळ पाहिलं, म्हणाला, "आज शेवटचं. तेही तू नऊ वर्षं दिलीस म्हणून." उपकार केल्यासारखं म्हणाला, त्याचा मला संताप आला. तिने फक्त मान डोलावली.

साडेसहाला हॉल भरला. टाचणी पडद्याच्या कडेला, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. पाकिटं तिने हातात घट्ट धरली होती.

पहिली जागा, चार मात्रा. कुणी हसलं नाही. मॅनेजर दाराशी उभा होता, त्याने हातांची घडी घातली. बसवाल्याने सावकाश "बंद केली" म्हटलं आणि कुठेतरी मागे एक बाई हलकेच फिसकन हसली.

दुसरी जागा, आठ मात्रा. शिंपीकाकांनी भार दुसऱ्या पायावर घेतला. हशा आला, पण विनोदावर येतो तसा नव्हता. आपलाच फोटो अचानक समोर आल्यावर माणूस हसतो, तसा ओशाळलेला. दाराकडे कुणी गेलं नाही.

तिसरी. बसवाला गायला, "तक्रार तुमची", आणि कागदात डोकं घातलं. मी वाजवायला लागलो. चार झाल्या, सहा झाल्या. शिंपीकाका उभे होते. दहाव्या मात्रेला पाचव्या रांगेतून एका म्हाताऱ्याने, भसाड्या पण अगदी पक्क्या सुरात, रागाने म्हटलं, "बंद केली!" त्याच्यामागून सगळा हॉल तेच दोन शब्द गायला. ऐंशी माणसं हसतही होती आणि ओरडतही होती, आणि त्या दोन शब्दांत प्रत्येकाची आपली एक खिडकी होती. बसवाल्याने कागदातून डोकं काढलं नाही. मी सोळा मात्रा पूर्ण केल्या.

टाचणी हसत नव्हती. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं. ती ओठ हलवत मात्रा मोजत होती.

कार्यक्रम संपल्यावर लोक जिना उतरत होते आणि जिन्यातून तेच दोन शब्द वर येत होते. मॅनेजर आत आला. "गाणं राहू दे," तो म्हणाला. "यापुढेही लिही. पण ती सोळा मात्रांची जागा जरा जास्त होते, बाई. लोक चिडले होते. बारा कर."

टाचणीने पाकीट उलटं करून पेन्सिल काढली.

"पुढच्या शनिवारी बत्तीस," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी बोटं मोडली. "वाजवीन," मी म्हणालो.